लिंबू, चुना आणि ॲसिड स्लरी

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत मी जे बोलले ते, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून.)



अध्यक्षताईंनी मला वीस मिनिटं दिली आहेत. फळ्यावर विषय लिहिला तेव्हा दोघी-तिघी हसल्या. "त्या विज्ञानाच्यापायीच तर शाळा सोडली," असंही मागून कोणीतरी म्हणालं. पण हा विषय मी आणलेला नाही, तुम्हीच दिला आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन गटांचे अर्ज आले. भांड्यांचं लिक्विड करायचंय, हँडवॉश करायचंय, संडास धुवायचं ॲसिड बाटल्यांत भरून विकायचंय. प्रशिक्षण द्या आणि समुदाय गुंतवणूक निधीतून कर्ज द्या. कर्जाचं ग्रामसंघ बघेल. पण ज्या मालात हात घालायचा तो मुळात काय आहे, हे कळल्याशिवाय कोणी अंगठा उठवू नये की सही करू नये, असं माझं मत आहे.

आता घाबरू नका. यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नाही.

लिंबू, चिंच, आमसूल, कैरी, शिळं ताक. सगळं आंबट. आंबट लागतं त्यात आम्ल असतं, आणि आम्लालाच आपण बाजारात ॲसिड म्हणतो. लिंबातलं सायट्रिक, चिंचेतलं टार्टारिक, दह्या-ताकातलं लॅक्टिक. मुंगी चावल्यावर जी आग होते ती फॉर्मिक आम्लाची. आपल्या पोटातही ॲसिड आहे, हायड्रोक्लोरिक नावाचं. आता लक्षात ठेवा, संडास धुवायच्या बाटलीत जे असतं तेही हेच. नाव एकच, पोटातलं पातळ आणि कॅनमधलं जबर, एवढाच फरक.

दुसऱ्या बाजूला चुना, राख, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, साबण, आणि या सगळ्यांचा बाप कॉस्टिक सोडा. यांना पुस्तकात आम्लारी म्हणतात. चवीला कडवट-तुरट, बोटाला बुळबुळीत. कॉस्टिकचं पाणी बुळबुळीत का लागतं माहीत आहे का? ते आपल्या कातडीतल्या तेलकटपणाचा जागेवरच साबण करायला लागतं म्हणून. बोटाला बरं वाटतं आणि कातडी जात असते. त्यामुळे चव घेऊन किंवा हात लावून ओळखायची भानगड स्वयंपाकघरातल्या वस्तूंपुरतीच. डब्यातल्या मालाला नाही.

इथे एक गोष्ट. खाडीकाठच्या गावांतल्या बायका म्हणतील, आमच्या शेतात खार आहे, म्हणजे हेच का? नाही. ती खार भरतीच्या पाण्याच्या मिठाची. शाळेच्या पुस्तकात 'क्षार' म्हणजे मीठ, आणि मीठ हे आम्ल-आम्लारीच्या भांडणातून निघतं. ते कसं, ते सांगते.

आम्ल पाण्यात पडलं की हायड्रोजनचे बारीक कण सोडतं. आम्लारी पाण्यात पडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजनची एक जोडी सोडते. दोन्ही समोरासमोर आले की ते कण एकमेकांना धरतात आणि पाणी होतं. उरलेल्या दोघांचं मीठ होतं. संडासचं ॲसिड आणि कॉस्टिक सोडा अगदी बरोबर मापात एकत्र केले तर शेवटी आपलं खायचं मीठ आणि पाणी उरतं. दोन जहरी वस्तू, आणि निघालं काय तर मिठाचं पाणी. याला उदासिनीकरण म्हणतात. पण हे होताना उष्णता निघते, बरीच निघते. हा मुद्दा पुढे दोनदा येणार आहे.

आता ओळखायचं कसं? हळदीने. लग्नात नवरीच्या साडीवर हळद सांडते, तुम्ही साबण लावता आणि डाग लालभडक होतो. "साबण खराब आहे" म्हणून दुकानदाराला शिव्या घालू नका. हळद आम्लारीला लागली की लाल होते. त्याच डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. हळदीला चुना लावून लाल करायची जुनी युक्ती आपल्या आज्यांना माहीतच होती. त्यांनी त्याला रसायनशास्त्र म्हटलं नाही, एवढंच. (डाग जायला मात्र ऊनच लागतं. उन्हात हळदीचा रंग विटतो.)

घरी करून बघा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, वहीचा कोरा कागद त्यात बुडवून सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. साबणाच्या पाण्यात पट्टी लाल. लिंबात पिवळीच राहते, आणि साध्या पाण्यातही पिवळीच. म्हणजे हळद आम्लारी पकडते, आम्ल पकडत नाही. आम्ल पकडायचं असेल तर पट्टी आधी साबणाने लाल करा, वाळवा, मग लावा. पिवळी झाली तर समोर आम्ल आहे. जास्वंदीचं फूल दोन्ही दाखवतं, आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट. शाळेतला लिटमस कागदही असाच कुठल्या तरी झाडोऱ्यातून आलेला आहे: आपण गोडा मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याच्या जातकुळीतल्या वनस्पतीपासून लिटमस काढतात.

राखेचंही बघा. भातशेतीच्या आधी आपल्याकडे राब भाजतात. आपल्या भागात पाऊस इतका की जमिनीतला चुना धुऊन जातो आणि जमीन आम्लाकडे झुकते. राखेत पोटॅश असतं, शिवाय राख आम्लारी असल्यामुळे तो झुकाव थोडा कमी होतो. राखेने भांडी निघतात तीही याच कारणाने, तेलाला आम्लारी धरते. इंग्रजीतला अल्कली हा शब्दसुद्धा अरबीतून आला आहे, आणि मूळ अर्थ झाडाची राख असाच आहे.

पण 'थोडं आंबट, जास्त आंबट' याने धंदा होत नाही, माप लागतं. ते माप म्हणजे पीएच, मराठीत सामू. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मृदा आरोग्य पत्रिका आली असेल तिच्यावर 'सामू' लिहिलेला असतो, तोच हा. १९०९ साली डेन्मार्कमधल्या सोरेनसन नावाच्या शास्त्रज्ञाने ही पट्टी काढली, आणि तो कामाला होता एका बीअर कंपनीच्या प्रयोगशाळेत! पट्टी शून्य ते चौदा. मधला सात म्हणजे शुद्ध पाणी, ना इकडचं ना तिकडचं. सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबू दोनच्या आसपास. दूध साडेसहाच्या वर, दही लागलं की साडेचारपर्यंत उतरतं. आपलं रक्त ७.४. खाण्याचा सोडा आठच्या थोडा वर, अंगाचा साबण नऊ-दहा, धुण्याचा सोडा अकराच्या आसपास, चुन्याची निवळी बाराच्या वर, कॉस्टिक तेरा-चौदा. पिण्याचं पाणी ६.५ ते ८.५ मध्ये असावं असं सरकारी मानक आहे.

यात एक मेख आहे. ही पट्टी रुपया-रुपयाने चढत नाही, दहापटीने चढते. सातावरून आठ म्हणजे दहापट. सातावरून नऊ म्हणजे शंभरपट. त्यामुळे "दोनच तर जास्त आहे" असं पीएचच्या बाबतीत कधी म्हणायचं नाही.

आता भांड्यांच्या लिक्विडकडे येते. ते मला पसंत आहे, आधीच सांगते.

त्याचा मुख्य माल म्हणजे ॲसिड स्लरी. घट्ट, काळपट-तपकिरी, डांबरासारखी चिकट. नावातच ॲसिड आहे. ती तशीच हाताला लागली तर भाजते. तिच्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून तिला शांत करायचं, म्हणजे मघाशी सांगितलं ते उदासिनीकरण. त्यातून जे 'मीठ' तयार होतं, तेच तेल काढतं आणि फेस करतं. कॉस्टिक कमी पडलं तर लिक्विड आम्ल राहतं आणि हात झोंबतात. जास्त पडलं तर आम्लारी होतं, तेव्हाही झोंबतात, शिवाय अल्युमिनियमची कढई काळी पडते. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून बादलीगणिक पीएच कागद लावायचा, सातच्या आसपास आला पाहिजे. पट्ट्यांची गड्डी फार महाग नसते. जो प्रशिक्षक अंदाजाने "एवढं घाला, होतं बरोबर" म्हणेल, त्याच्याकडून शिकू नका.

मग घट्टपणासाठी मीठ. गंमत म्हणजे मीठ थोडं-थोडं घातलं की लिक्विड दाट होत जातं, आणि एका हद्दीनंतर पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. तिथून परत येता येत नाही. तेव्हा मीठ विरघळवून, थांबत-थांबत घाला.

कॉस्टिकच्या पापड्यांबद्दल नीट ऐका. त्या पाण्यात घालायच्या, चिमटी-चिमटीने, ढवळत. पापड्यांवर पाणी ओतायचं नाही. पाणी ओतलं तर जागच्या जागी इतकी उष्णता होते की पाणी उसळून तोंडावर येतं. जबर ॲसिडलाही हाच नियम: ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. भांडं जाड प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं. अल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खाऊन टाकतं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बंद चप्पल, पदर खोचलेला, पोरं घराबाहेर. कॉस्टिकचं पाणी पूर्ण थंड झाल्यावरच स्लरीत घालायचं. हँडवॉशला तर याहून नरम माल लागतो, कारण आपली कातडी स्वतः थोडी आम्ल असते, साडेपाचच्या आसपास.

पापड करणाऱ्या गटांनाही जाता-जाता सांगते. पापडखार हा सोड्याच्याच घराण्यातला. खाण्याच्या दर्जाचा, पाकीटबंद, तारीख बघून घ्या. धुण्याच्या सोड्याची पोती शेजारी ठेवून सुटा खार विकणाऱ्याकडून नको. आणि डाळ-हरभरा लवकर शिजावा म्हणून सोडा घालता, त्याने डाळीतलं ब जीवनसत्त्व मरतं. रात्रभर भिजवा की!

आता संडासच्या ॲसिडकडे येते. इथे माझं आणि अर्ज करणाऱ्या गटाचं जमत नाही, आणि ते मी त्यांच्यासमोरच बोलते आहे.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. हार्डवेअरच्या दुकानातून कॅन आणायचा, पाणी घालायचं, रंग घालायचा, बाटल्या भरायच्या. बनवायचं काही नाही, नफा चांगला, बोअरच्या पाण्याने पांढरा पडलेला संडास घरोघरी आहे. खरं आहे. तो पांढरा थर चुनखडीचा असतो, तो हायड्रोक्लोरिक ॲसिडने फसफसत विरघळतो. पण तेच ॲसिड फरशीच्या सांध्यातलं सिमेंटही खातं. कडाप्पा तर चुनखडीचाच दगड, ओट्यावर लिंबू सांडून राहिलं तरी डाग पडतो, मग ॲसिडने काय होईल? कंपनीच्या बाटलीवर बघा, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं असतं आणि ते दाट केलेलं असतं म्हणून शिंतोडे उडत नाहीत. कॅनमधलं मूळ ॲसिड तीस टक्क्यांच्या वर असू शकतं. झाकण उघडलं की धूर निघतो, नाकात जातो, आणि घरात ठेवलं तर पत्र्याची पेटीसुद्धा गंजते.

आणि बाटल्या कसल्या? कोल्ड्रिंकच्या. इथेच माझी नकाराची सही. निळं-गुलाबी पाणी, ओळखीची बाटली, घरात चार वर्षांचं पोर. गिळलं तर घसा आणि अन्ननळी जळते, आणि ते पोर नंतर महिनोन्महिने धड जेवू शकत नाही. शंभर बाटल्या विकून मिळालेला नफा या एका बाटलीसमोर ठेवून बघा.

कायद्याचंही आहे. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विकणाऱ्याने कोणाला विकलं त्याची नोंद ठेवायची, ओळखपत्र बघायचं, कशासाठी पाहिजे ते विचारायचं, आणि अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. हे दारोदार फिरून बाटल्या विकणाऱ्या गटाला कसं जमणार? एकीच्या अंगावर कुणी आपल्याच गटाची बाटली रिकामी केली तर? अशा हल्ल्याला कमीत कमी दहा वर्षं शिक्षा आहे, पण जळालेला चेहरा शिक्षेने परत येत नाही.

"मग काय गो पोरी, आम्ही धंदाच करू नको?" असं एका मावशींनी मला विचारलं. करा ना. आधी भांड्यांचं लिक्विड नीट बसवा. सहा महिने गिऱ्हाईक टिकलं तर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वापरून नळ आणि बेसिनवरचे पांढरे डाग काढायचं पाणी करता येतं. ते हळू काम करतं, जुन्या जाड थराला पुरत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगूनच विकायचं. पण धूर नाही आणि हात जळत नाही.

आता जी गोष्ट सगळ्यांनी, धंदा करो न करो, घरी जाऊन सांगायची आहे. संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायची नाही. "दोन्ही टाकलं की दुप्पट स्वच्छ" असं वाटतं. होतं काय, की त्यातून क्लोरिन वायू निघतो. हिरवट-पिवळा, घसा आवळणारा. पहिल्या महायुद्धात हा वायू शत्रूवर सोडला होता, आणि आपण तो चार बाय चारच्या संडासात दार लावून करतो. पंचायतीची टीसीएल पावडर म्हणजेही ब्लीचिंगच. कपड्यांचं पांढरं करायचं पाणीसुद्धा त्यातलंच. चुकून झालंच तर श्वास रोखून बाहेर या, दार उघडं टाका, आत परत जाऊ नका.

हेच मोठ्या प्रमाणावर झालं की काय होतं? सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे एका टँकरने नाल्यात रसायन सोडलं. वायू झाला आणि सहा कामगार गेले. आपल्या भिवंडीत डाईंग आहे, सायझिंग आहे, केमिकलची गोदामं आहेत, कामवारी नदीची दशा तुम्ही रोज बघता. कारखान्याने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ मध्ये आणूनच सोडायचा असा नियम आहे. ओढ्याचं पाणी वाफाळत असेल, झोंबणारा वास येत असेल, तर पोरांना-गुरांना तिथून हटवा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर दिलं तर पोच मिळते.

गोदामात कामाला जाणाऱ्या तायांनो, तुमच्यासाठी एकच. तिथले निळे पिंप स्वस्तात मिळतात म्हणून आणून पाणी भरतात. आत काय होतं ते कोणालाच ठाऊक नसतं. दहा वेळा धुतलं तरी मी त्यातलं पाणी पिणार नाही. लेबलवर हातावर आणि धातूवर थेंब पडल्याचं चित्र असेल तर तो माल जाळणारा, मग तो आम्ल असो की आम्लारी.

शेवटी चुना. तंबाखूची चुन्याची पुडी किंवा डबी पोरांच्या हाताला लागते, दाबतात, आणि फचकन डोळ्यात उडते. तुम्हाला वाटतं ॲसिड जास्त वाईट. डोळ्याच्या बाबतीत उलटं आहे. ॲसिडने वरचा थर जळून घट्ट होतो आणि बऱ्याचदा आत जाणं अडतं. चुना आणि कॉस्टिक मात्र पेशी विरघळवत आत-आत जातात. त्यामुळे इथे एक-एक मिनिट मोजायचं. पापण्या बोटांनी उघड्या धरा, तांब्याने साधं स्वच्छ पाणी धार धरून ओतत राहा, निदान वीस मिनिटं, पोर कितीही रडलं तरी. चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कपड्याने काढा. दूध नको, तूप नको, मध नको. आणि "चुना आम्लारी आहे ना, मग लिंबू पिळू" हे तर अजिबात नको. मघाशी सांगितलं ना, दोघं भेटले की उष्णता निघते. मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे, वाटेतही पाणी चालू ठेवून.

अंगावर सांडलं तरी तेच: कपडे काढा, वाहतं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका, जाताना जाळलं ते येतानाही जाळतं. बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने भिवंडीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

माझी वीस मिनिटं केव्हाच झाली, अध्यक्षताई घड्याळाकडे बघताहेत. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने घरातल्या दोन वस्तू छोट्या डब्यांत आणायच्या: विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, आणि सध्या वापरता तो भांड्यांचा साबण थोड्या पाण्यात कालवून. हळदीच्या पट्ट्या तुम्ही करून आणा, पीएच कागद मी आणते. ॲसिडची बाटली मात्र कोणी पिशवीत घालून आणू नका, रिक्षात सांडेल.